उडणाऱ्या माणसांची नातीगोती

चौथीत शाळा सुटली तेव्हा आजीनं सुटकेचा श्वास घेतला होता. म्हातारपणी अभ्यास पुन्हा मागे लागला. नात तिला उडणाऱ्या माणसांच्या सिनेमाला न्यायची, आणि प्रत्येक सिनेमा कळायला मागचे सगळे पाठ हवेत. कोण कुणाचा सावत्र भाऊ, कोण मेला, कोण मरून परत आला. आजीला स्वतःच्या दिरांची नातवंडं धड सांगता येत नव्हती, तिथं या मंडळींचा काय थांग लागणार?

जन्मभर शिंप्याकडे काज-बटणं केलेली बाई. पडद्यावर जग बुडत असलं तरी हिची नजर त्यांच्या पाठीवरच्या झुलीवर: उडताना मानेला काचत कसं नाही?

कंटाळून गेली होती, पण बोलायची सोय नव्हती. नात दवाखान्यात पाळ्या करणारी नर्स. घरी आली की झोप, नाहीतर फोन. आजीशेजारी निवांत बसायची ती त्या अंधारातच. नावडतं म्हटलं तर तेवढंही जायचं. म्हणून आजी दर वेळी "छान होता हं" म्हणायची.

परवा पडद्यावर पहिली इमारत कोसळली आणि नातीचं डोकं आजीच्या खांद्यावर आलं. गाढ झोपली होती. उठल्यावर विचारेल, म्हणून आजी डोळे ताणून बसली, आणि तशीच घोरायला लागली. दोघींना झाडूवाल्यानं उठवलं.

जिन्यात नात म्हणाली, "शेवटी काय झालं गं?"

आजी कशाला कबूल होते. "त्या निळ्यानं भावाशी अबोला सोडला. मग दोघांनी आईला दवाखान्यात नेलं."

"आणि जग?"

"वाचलं. रोजच वाचतं."

"आजी, निळा मागच्या भागात मेला."

"मग आला असेल परत. येतात ते."

नात पायरीवर बसून हसत सुटली. "तूपण झोपलीस. मला कधीचा वीट आलाय यांचा. तू एकदा रडलीस, म्हणून आणत होते."

"अगं, एसीनं डोळ्यांना पाणी आलं होतं."

मग आजी तिच्याशेजारी पायरीवर टेकली. "म्हणजे आता यायचं बंद?"

"सिनेमाला बंद." नातीनं तिचा हात धरला. "पण ते भाऊ भांडले कशावरून?"

"असं जिन्यात नाही सांगणार," आजी ऐटीत म्हणाली. "आधी चहा पाज. आणि सावकाश पी, मलाही अजून माहीत नाही."