हार न घातलेलं मशीन

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की डोकं फिरतं. मी तेव्हा मीरा-भाईंदरमध्ये पोलीस निरीक्षक होतो. वरसाव्याच्या खाडीत चिंबोऱ्या पकडणारी एक बाई दिराच्या खांद्याला धरून पोलीस ठाण्यात आली. दोन्ही पाय भाजलेले. डावा वाचेल की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते.

"आमाला प्यायला टँकर येत न्हाय," ती म्हणाली, "आन पुलाखाली भरलेला टँकर येऊन खाडीत रिकामा होतोय. पानी न्हाय ते, आग हाय."

सापळा लावून टँकर पकडला. चालकाने नवघरच्या एका कारखान्याचं नाव घेतलं. बाथरूमच्या नळांना ॲसिडने धुऊन चकाकी देणारा कारखाना. मॅनेजरला चौकशीला बोलावलं, तर तो कंपनीचा सामाजिक जबाबदारीचा अहवाल घेऊनच आला. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो.

"ॲसिडचं पाणी कुठे सोडता?"

"सर, हे पान बघा ना. आमचा प्रत्येक थेंब शुद्ध होतो."

"टँकर तुमच्या गेटमधून निघालाय."

"ड्रायव्हर झूठ बोलतोय, सर. आम्ही झाडं लावतोय, शाळेला बाकं दिलीत. पुढच्या पानावर आहे."

अरे बाबा, मी गुन्ह्याचं विचारतोय आणि तू मला वृक्षारोपण दाखवतोयस. पाण्याचे नमुने तपासणीला गेले होते, त्यांचा निकाल कधी येणार देव जाणे. त्यात वरून फोन, एवढी चांगली कंपनी आहे, जरा सांभाळून घ्या. वैताग नुसता.

शेवटी पंच घेऊन कारखान्यात गेलो. दसरा नुकताच झाला होता. ठाण्यात आमची शस्त्रपूजा होते, तशी कारखान्यात मशीनची. प्रेसपासून वजनकाट्यापर्यंत सगळीकडे कुंकू आणि सुकलेले झेंडूचे हार. वॉचमनच्या सायकललासुद्धा. फक्त मागच्या शेडमधलं पाणी शुद्ध करायचं मशीन, अहवालात पानभर छापलेलं, कोरडं ठणठणीत उभं होतं.

सुपरवायझरला विचारलं, "याला हार का नाही?"

तो सहज बोलून गेला, "साहेब, हे कधी चालूच केलं नाही. बंद मशीनची पूजा कोण करतंय?"

झाकण उघडलं, तर आतल्या पाणी ढवळायच्या पंख्यावरचं नवेपणीचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. पंचनामा केला, जबाब नोंदवला, मॅनेजरला अटक केली. काही दिवसांत तो जामिनावर सुटला. बाईचा डावा पाय मात्र घोट्यापासून काढावा लागला.

पुढच्या वर्षी कंपनीचा नवा अहवाल माझ्या हाती आला. त्यातल्या एका फोटोत तीच बाई, कुबड्या घेऊन उभी. खाली लिहिलेलं, 'गरजू कोळी भगिनीस मदतीचा हात'. तेव्हापासून कुणी छापलेला चांगुलपणा दाखवला, की मी आधी फोटोतल्या माणसाला भेटायला जातो.

तेव्हाही गेलो. तिने फोटोखालच्या ओळीवर बोट ठेवलं. मग विचारलं, "पाय कसा गेला, ते लिवलंय का?"

मी अहवाल मिटून पिशवीत टाकला आणि म्हणालो, "नाही."