सुनेचं मटण आणि माझा जबडा

माझ्या सुनेला मटण शिजवता येत नाही, ही बातमी कोल्हारमध्ये मी स्वतः पसरवली. साठी ओलांडलेली निवृत्त मास्तरीण, अंगात रग दांडगी. चर्चमधली रविवारची उपासना आटोपून घरी यायचं, जेवायला बसायचं आणि चार घास झाले की वाटी पुढे सरकवून म्हणायचं, वातड आहे. पुढच्या रविवारी सून कुकरला शिट्ट्या वाढवायची, मटण हाडापासून सुटून रश्श्यात उतरायचं, तरी माझं आपलं तेच. एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण मी मंडळीतल्या बायकांना सांगितलं की संगमनेरकडच्या मुलींना रस्सा जमतो, शिजवणं जमत नाही. मग खाटकाशी जाऊन भांडले, म्हातारं बोकड गळ्यात मारतोस म्हणून. तो माझाच विद्यार्थी. सुरी पुसत म्हणाला, "बाई, बोकड कवळंच हाय. म्हातारं कोन झालंय ते घरी जाऊन आरशात बघा."

शाळेत त्याला छडी कमी मिळाली, असं त्या दिवशी फार वाटलं.

पहिले चार घास मऊ आणि पाचवा वातड, असं मटण जगात कुठेच शिजत नाही. पोरांना आयुष्यभर 'विचार करा, विचार करा' म्हणून ओरडलेल्या या बाईला हे सुचलं नाही. तिला वाटलं, मटण नसेल तर दात. राहुरीला जाऊन तिने दाढ काढून घेतली. ती दाढ चांगली होती, हे मी आजही सांगते.

मग संध्याकाळी डावी पापणी खाली उतरायला लागली. दारातली एक गाय दोन दिसायची. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्मा बदलला आणि मोतीबिंदूची सुरुवात आहे म्हणाले. लांब प्रार्थना केली की 'आमेन'पर्यंत माझा आवाज नाकात जायचा. घशाच्या डॉक्टरांनी गुळण्या सांगितल्या. मान पेलेना म्हणून पट्टा मिळाला. वेणी घालताना हात वर ठरेनात, त्यावर ताकदीची इंजेक्शनं झाली. डोक्याचा फोटो झाला, मानेचा झाला. प्रत्येक ठिकाणी डॉक्टर हसून सांगायचे की रिपोर्ट नॉर्मल आहेत, जणू मी बारशाचे पेढे घ्यायला आले होते. मी घरी येऊन ते सगळे कागद गादीखाली दाबायचे आणि वर झोपायचे.

शेवटी एकांनी मला नीट समोर बसवून विचारलं की रिटायर होऊन किती दिवस झाले, घरात सुनेशी पटतं का. मी पटत नाही म्हणाले, आणि मटणाचं सांगितलं. त्यांना हवं ते मिळालं. त्यांनी मन रमवायला सांगितलं आणि झोपेची गोळी लिहून दिली. माझी सकाळ तेवढी बरी असायची, त्या गोळीने तीही गेली.

सकाळचंच तर सगळं होतं. पण ते कळायला अक्कल लागते, आणि माझ्याकडे तेव्हा ऐट होती. डॉक्टरकडे नेहमी पहिला नंबर लावायचा. आदल्या रात्री लवकर झोपायचं, गाडीत मागच्या सीटवर डोळे मिटून पडायचं, उतरताना पदर सारखा करून पावडर फिरवायची. मला बघायला पाहुणे येणार होते की काय, देव जाणे. अशी ताजीतवानी होऊन मी आत जायचे, आणि तपासायला त्या वेळी माझ्यात काही सापडायचंच नाही. संध्याकाळची लोळागोळा झालेली मी कोल्हारला खाटेवर असायची. तिला कुणी बघितलंच नव्हतं.

मरणाची भीती मला नव्हती, खोटं कशाला बोलू. भीती होती ती वेगळी. आई नाटकं करते, असं माझा मुलगा उघड बोलत नव्हता, पण 'परत दवाखाना?' हे तो ज्या आवाजात विचारायचा त्यात ते असायचं. वाईट म्हणजे, मलाही ते पटायला लागलं होतं.

तेव्हा सुनेने नगरच्या नसांच्या डॉक्टरांचा नंबर घेतला, तो संध्याकाळचा. मी कटकट केली. रात्री त्या मनमाड रस्त्याच्या खड्ड्यांतून परत यायचं का, म्हणून विचारलं. तिने डबा भरला. डब्यात मटण आणि बाजरीची भाकरी. गाडीत मला झोपू दिलं नाही, सारखं बोलतं ठेवलं. दवाखान्याच्या बाकावर डबा उघडून म्हणाली, जेवा. नर्स इथे जेवू नका म्हणाली, तिचंही हिने ऐकलं नाही. चारचौघांत मटण चघळत बसलेली म्हातारी, शरमेने माझा जीव जात होता. पण रागाने मी खातच राहिले. शेवटी जबडा मिटेना. हनुवटी हाताने वर धरून, एक डोळा झाकलेला, अशी मी आत गेले.

डॉक्टरांनी मला बसायलाही सांगितलं नाही. उभीच ठेवून बघत राहिले. मग हातमोज्यात बर्फ घालून पापणीवर धरला, आणि काढला तर डोळा टक्क उघडा. सून पुढे वाकून बघत होती. नंतर रक्त तपासलं, नसेला विजेचे बारीक झटके देऊन बघितले, छातीचा फोटो काढला. नाव निघालं मायस्थेनिया ग्रेव्हिस. स्नायू हलव असा नसेचा निरोप येतो, पण शरीराचीच राखण करणारी फौज तो वाटेत अडवते. विसावा घेतला की थोडा वेळ चालतं, काम केलं की थकतं.

लोक म्हणतात, नाव कळल्यावर हलकं वाटतं. मला संताप आला. डॉक्टरांचा आला, त्याहून जास्त त्या पावडर लावलेल्या बाईचा आला. आता जेवणाआधी एक गोळी असते, ती घेतली की जबडा कामाला लागतो. दुसऱ्या गोळीने साखर वाढवली आणि तोंड भोपळ्यासारखं फुगवलं. बरं व्हायचं नाही, सांभाळायचं आहे.

मागच्या नाताळात मी बायकांसमोर उभी राहिले आणि मटणाचे शब्द मागे घेतले. हसल्या सगळ्या. घरी येऊन सुनेलाही सांगितलं, की तुला उगाच बोलले, आणि तू नसतीस तर मी अजून दाढाच काढत बसले असते. ती लसूण सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, "मम्मी, तुम्ही जेवताना हनुवटीला हात लावून बसायचात, ते मी 'वातड' सुरू झालं त्या पहिल्या महिन्यातच बघितलं होतं. पण तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, स्वतःचं मटण झाकायला ही मला आजारी ठरवते."