विटाळाचे दहा दिवस

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत. पण माझी आई मी लहान असतानाच गेली, आणि धुळ्याला वडील एकटे. तिथं कोण माझं करणार? तेव्हा मी सासरीच बाळंत झाले, एरंडोलपासून दोन कोसांवरच्या खेड्यात. सासरी शेती रग्गड. कपाशी कोठारात मावत नसे, आणि सासूबाईंचं सोवळं सगळ्या घरात मावत नसे.

तेच मानमोडीच्या तापाचं साल. सकाळी कपाशी वेचायला गेलेलं माणूस संध्याकाळी फणफणून पडायचं आणि तिसऱ्या दिवशी आटोपायचं. अशा दिवसांत माझ्या कळा सुरू झाल्या. मेले ते दिवस, आठवले तरी अंगावर काटा येतो.

आमची सुईण गावकुसाबाहेरच्या वस्तीत राहायची. घरातली सगळी बाळंतपणं आधी तिच्या सासूच्या हातची, मग तिच्या. मी दोन दिवस अडले होते. तिनं मला पाठीमागून कवेत धरलं, तेव्हा तोंडातून 'माय' निघालं, आणि पुढं तिला तेच म्हणत राहिले.

बाळंतिणीची खोली दहा दिवस विटाळाची. सासूबाई उंबऱ्याबाहेरून ताट सरकवायच्या. आत मी, माझा मुलगा आणि माय. एरवी जिची सावली आमच्या अंगणाला चालत नसे, ती मला तेल लावी, न्हाऊ घाली, जेवले नाही तर रागे भरून घास भरवी. दहाव्या दिवशी न्हाणं झालं, खोली सारवली, की मी शुद्ध आणि ती पुन्हा मागच्या दारी. तहान लागली तर ओंजळ धरायची, आणि आम्ही वरून पाणी घालायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मलाही नाही, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या दिवशी दुपारी माय आली ती पदराखाली काहीतरी घेऊन. पदर बाजूला केला तर चिंधीत गुंडाळलेलं मूठभर लेकरू. तिची एकुलती एक लेक आठ दिवसांपूर्वी बाळंत झालेली आणि चार दिवसांपूर्वी त्या तापात गेलेली. वस्तीत अंगावर पाजणाऱ्या दोघी होत्या, त्याही गेल्या. शेळीचं दूध लेकराला पचेना. आणि ही बाई लेकीला माती देऊन माझं अंग चोळायला येत होती! मला तिनं चकार शब्द सांगितला नव्हता.

"बाई," ती म्हणाली, "आत्ते तुमले बी इटाळ शे, आमले बी शे. दहा दिन आपुन येकच शेतस. ह्या जीवले पाजा."

मला हसूच आलं. काय डोकं चालवलं होतं बाईनं! मी हात पुढं केले.

दूध मला इतकं होतं की चोळी भिजून जाई. "मेल्या, तुला पुरून उरेल," असं मुलाला म्हणायचं आणि त्या लेकराला घ्यायचं. ते आधी नुसतं चाचपडायचं, दमायचं, झोपून जायचं. दोन-तीन दिवसांनी नीट ओढायला लागलं. गालाला रंग आला, रडणं खणखणीत झालं. मला त्याची माया लागली. सरळ सांगते, लागली. दुपार झाली की कान दाराकडे. भीती एवढीच, की खोलीतून दोन रडणी ऐकू येतात आणि सासूबाई पलीकडेच माजघरात आडव्या असतात.

दहाव्या दिवशी मी न्हाले. सासूबाई पहिल्यांदा आत आल्या, नातवाला मांडीवर घेतलं, त्याची दृष्ट काढली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दहा दिवस माझे कान बंद होते. आजपासून उघडे आहेत."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि त्यांनी चालू दिलं होतं. त्याला दया म्हणावं की काय म्हणावं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी माय मागच्या दारी आली. अंगणाच्या कडेला बसली, मांडीवर लेकरू, हातात मातीचं कोरं बोळकं.

"बाई, आमले पाणी वरतीन घालतस ना? तसंच दूध घाला. तुमले इटाळ नही, घरले इटाळ नही."

आमच्याच रीतीतून तिनं वाट काढली होती. आणि माझी छाती दुधानं ठणकत होती. सकाळपासून दोनदा पिळून परसातल्या शेवग्याच्या बुंध्याशी टाकलं होतं.

सासूबाई माझ्या मागे उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "अंगावरचं दूध घराबाहेर गेलं की पोराचा वाटा जातो. शेवगा आपल्या घरचा, त्याचं काही नाही. तापाचे दिवस आहेत. मुलगा तुझा, मर्जी तुझी."

म्हणून तर सासूच्या नावानं खापर फोडता येत नाही. मर्जी माझ्यावर सोडली होती. एक भांडं भरून दूध, बस. त्याच सकाळी आमच्या दारावरून एक तिरडी गेली होती, कुणाचं तरी तरणंताठं पोर. माझ्या मुलाचं अंग मला उगाच कोमट लागायला लागलं. पोटचं ते पोटचं!

"नाही गं माय," मी म्हटलं. "माझ्या लेकराच्या जिवाला काही झालं तर?"

तिनं गयावया केली नाही की तळतळाट दिला नाही. लेकराच्या तोंडावर पदर ओढला, बोळकं उचललं आणि गेली.

पाचव्या दिवशी धुणंवालीकडून कळलं, सुईणीचं लेकरू हगवणीनं गेलं. मी कोंडून घेऊन रडले. रडून काय झालं, कपाळ! दूध येतच होतं. महिनाभर मी ते शेवग्याच्या बुंध्याशी ओतत होते.

तीन वर्षांनी मला पुन्हा दिवस गेले. ती येणार नाही असं मी धरून चालले होते. पण आली. तीच खोली, तोच हात, तितकाच मऊ. घास भरवला, न जेवले तर रागे भरली. चौथ्या दिवशी ती माझ्या पायांना तेल चोळत होती. माझ्याच्यानं राहवेना.

"माय, त्या लेकराचं पाप माझ्या माथी आहे गं."

ती चोळत राहिली. मग म्हणाली, "लेकरू, लेकरू काय करतस बाई? पोर व्हती ती. आठ दिन तुम्हीन तिले छातीले लावं, पन आंडोर शे का आंडेर, येक डाव बी इचारं नही."

मुलगा होता की मुलगी! मी तोंड भिंतीकडे फिरवलं. तिनं माझा दुसरा पाय मांडीवर घेतला.