अण्णांना कुणी दोष देईना

डाव्या हाताचा पंजा, बस थांबवावी तसा, समोर धरायचा आणि म्हणायचं, "एनू आगल्ल!" म्हणजे, काही होत नाही. आमच्या घरमालकांचं निम्मं बोलणं या दोन शब्दांत आटपायचं. सगळा लेआउट, म्हणजे आमची वसाहत, त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणू लागलो.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. खांबावर ठिणग्या उडाल्या, एनू आगल्ल. माझ्या नवऱ्याला डेंगी झाला, एनू आगल्ल. एकदा त्यांचाच दात हलत होता. मी म्हटलं, "अण्णा, डॉक्टरांना दाखवून या." पंजा वर झाला. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे उप्पीट खाता खाता दात बशीत पडला. त्यांनी तो उचलून उजेडात धरला आणि म्हणाले, "बघ, डॉक्टरशिवाय झालं का नाही काम?"

मूळचे ते निपाणीकडचे. उभी हयात राजाजीनगरच्या एका कारखान्यात गेलेली. माझ्याशी बोलताना मराठी आणि कन्नड यांची मिसळ करायचे आणि मला 'तंगी' म्हणायचे. मी नागपूरची, व्हाइटफील्डला नोकरीसाठी नवीन आलेली. पहिले काही दिवस मला वाटायचं, हे आमच्या परिस्थितीवर बोट ठेवतायत. मग कळलं, तंगी म्हणजे धाकटी बहीण.

आम्ही वर राहायचो, ते खाली एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. देवनहळ्ळीला दिलेली त्यांची मुलगी "आमच्याकडे या" म्हणून थकली होती. पण अण्णा तिथून हलणार नव्हते, आणि त्याचं एक कारण शेजारच्या बैठ्या घरात राहत होतं. टीचर. कन्नड शाळेतून निवृत्त झालेल्या, गुडघ्यांनी बेजार, बोलण्यात मात्र खणखणीत. त्यांचे यजमान अण्णांचे कारखान्यातले जिवलग दोस्त. इथं नुसती नाचणीची शेतं होती तेव्हा अण्णांनीच दोस्ताला स्कूटरवर बसवून आणलं आणि शेजारचा प्लॉट घ्यायला लावला. घर बांधून झालं आणि दोस्त गेला. तेव्हापासून टीचरचा गॅस, टीचरचा बल्ब, टीचरची औषधं, सगळं अण्णांकडे. संध्याकाळी मधल्या भिंतीच्या दोन बाजूंना दोघं खुर्च्या टाकून बसत आणि शेजारीपाजारी कोण कसं चुकतंय यावर त्यांचं एकमत होई.

एक गोष्ट मात्र अण्णांसमोर बोलायची सोय नव्हती. हा लेआउट वरच्या तलावाच्या पाण्याच्या वाटेत बसलाय, असं कुणी म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. कुणी त्यांच्या घराण्याचा उद्धार केल्यासारखा.

आदल्या वर्षी भोंगा लावलेली गाडी येऊन गेली होती. तलाव भरलाय, खालच्या मजल्यावरच्यांनी बाहेर पडा. लोक धावत नातेवाइकांकडे, हॉटेलांत गेले. पाणी रस्त्यावर घोट्यापर्यंत आलं आणि ओसरलं. अण्णा गेले नव्हते. परतणाऱ्या एकेकाला ते गेटवर उभं राहून विचारत होते, "कसं होतं हॉटेल? इडली बरी होती?"

त्यामुळे पुढच्या पावसाळ्यात दुपारी तीच गाडी आली तेव्हा अण्णा वर्तमानपत्रातून मान वर करायलाही तयार नव्हते. या वेळी मागोमाग ट्रॅक्टरही आला. माणसं ट्रॉलीत चढत होती. आम्ही वरचे, आम्हाला पाणी भरून ठेवून घरातच थांबायला सांगितलं होतं. मी गॅलरीतून बघत होते.

टीचर निघाल्या होत्या. दाराला कुलूप लावलेलं, अंगावर स्वेटर, आणि निळी रेक्झिनची बॅग गेटपाशी ठेवलेली. त्यांनी भिंतीपलीकडे हाक मारली, "अण्णा, होगोणा?" जाऊया ना?

अण्णा उठून गेटपाशी गेले. पंजा वर. "एनू आगल्ल, टीचर. बिडी." राहू द्या हो. "गुडघे घेऊन त्या ट्रॉलीत कुठं चढता? मी आहे ना इथं."

टीचरनी ट्रॅक्टरकडे पाहिलं, मग अण्णांकडे. "सरी," बरं, म्हणाल्या. कुलूप उघडलं. बॅग अण्णांनीच उचलून आत नेऊन ठेवली.

तलावाचा बांध पहाटे फुटला. आम्हाला जाग आली ती अण्णांच्या ओरडण्यानं. फटफटत होतं आणि खाली रस्ता नव्हताच, नुसतं तांबडं पाणी, त्यात कुणाचा तरी सिलिंडर गोल गोल फिरत होता. मधली भिंत पडली होती. अण्णा छातीभर पाण्यातून टीचरच्या घराकडे चालले होते. आतला फ्रिज तरंगून दाराला आडवा अडकला होता, दार हलेना. टीचर खिडकीशी पलंगावर उभ्या होत्या. खिडकीला लोखंडी जाळी.

माझा नवरा जिना उतरू लागला. त्याला पोहता येत नाही. अण्णा तिथून ओरडले, "वर जा! फोन लाव!"

आम्ही फोन लावत राहिलो. अण्णांनी जाळीतून हात आत घातला होता आणि टीचरचा हात धरला होता. दुसऱ्या हातानं ते जाळीला लटकून होते. मधेच पाण्याचा लोंढा यायचा, अण्णांचे पाय सुटायचे, पण त्यांनी हात सोडला नाही. टीचर काहीतरी पुटपुटत होत्या. श्लोक असावेत. उन्हं वर आल्यावर बचाव पथकाची बोट आली. जवानांनी जाळी कापून टीचरना बाहेर काढलं तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते.

बुडून नाही गेल्या त्या. छातीत पाणी झालं, ताप उतरेना, आणि महिनाभरात हॉस्पिटलमध्ये गेल्या.

म्हैसूरहून आलेला त्यांचा मुलगा सगळ्यांसमोर अण्णांच्या पाया पडला. "अंकल, नीवु इद्रि. साकु." तुम्ही होतात, तेवढं पुरे. अण्णा म्हणाले, "त्या निघाल्या होत्या रे. मी थांबवलं." मुलानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बिडी, अंकल."

अण्णा ज्याला त्याला हेच सांगू लागले. दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला, बागेत फिरायला येणाऱ्यांना. ऐकणारा हळहळायचा आणि म्हणायचा, "असं मनाला लावून घेऊ नका." कुणी त्यांना दोष देईना. उलट जाळीला लटकलेल्या अण्णांची गोष्ट लेआउटभर झाली.

नोव्हेंबरात राज्योत्सवाला, म्हणजे राज्य स्थापनेच्या दिवशी, झेंडा लावला आणि लेआउटच्या असोसिएशननं अण्णांचा सत्कार ठेवला. शाल, हार, डोक्यावर म्हैसूरी पेटा. पेटा जरा मोठा होता, सारखा भुवयांवर येत होता. माईक हातात आल्यावर अण्णा कन्नडमध्ये म्हणाले, "टीचर घराबाहेर पडल्या होत्या. बॅग भरली होती. मी त्यांना परत घरात पाठवलं. त्या माझ्यामुळे गेल्या." मग सेक्रेटरी पुढे झाले, "बघा, केवढा हा विनय!" आणि टाळ्या पडल्या. माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. अण्णा पेटा सावरत तसेच उभे.

तासाभरानं ते जिना चढून आमच्याकडे आले. शाल अजून खांद्यावरच होती.

"तंगी, तू त्या दिवशी वर होतीस. बॅग गेटपाशी होती ना?"

"बसा, अण्णा. चहा टाकते."

"चहा नको. तेवढं सांग."

तुम्हाला तरी काय ठाऊक होतं, असं काहीसं मी बोलणार होते. सगळेच तसं बोलत होते. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते सोडून दिलं.

"होती, अण्णा."

"आत कुणी नेली?"

"तुम्ही."

"त्या निघाल्या होत्या?"

"हो. तुम्ही थांबवलंत."

अण्णांनी मान हलवली. हळूहळू खुर्चीत बसले, शालीचं टोक डोळ्यांवर धरलं आणि बराच वेळ रडले. मी जवळ गेले नाही. जावं की नाही, कळेना. मग नाक पुसून म्हणाले, "आता टाक चहा."

संक्रांतीच्या आधी मुलगी गाडी घेऊन आली आणि ते देवनहळ्ळीला गेले. जाण्यापूर्वी रंगारी आला होता, त्याला त्यांनी परत पाठवलं. खालच्या घरात भिंतींवर खांद्याएवढ्या उंचीवर पाण्याची तांबूस रेघ राहिली होती. "ही पुसायची नाही," मला म्हणाले, "आणि घर बघायला येईल त्याला खरं सांगायचं. भाडं नाही आलं तरी चालेल."

अण्णा गेल्या थंडीत वारले. मुलीनं रेघ तशीच ठेवली आहे. किल्ली माझ्याकडे असते. व्हाइटफील्डला नव्यानं आलेली जोडपी घर बघायला येतात, खोल्या आवडतात, मग भिंतीकडे लक्ष जातं. "पाणी इथपर्यंत आलं होतं?" विचारतात. मी हो म्हणते, आणि पुढचंही सांगते. बहुतेक जण पुन्हा येत नाहीत.