हरवण्याइतकं शहर

शहर कशाला म्हणावं हे या जगात दोघांनाच नक्की माहीत आहे, एक सरकारला आणि दुसरं आमच्या आतोबांना. आणि त्यातलं सरकार चुकतं आहे, हे आतोबा आजही मुरूडच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर उभं राहून सिद्ध करून दाखवतील. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सारी नोकरी बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून झाली, म्हणजे खिडकीमागे बसून भोंग्यातून गाड्या पुकारायच्या. इतर कंट्रोलर गाड्या पुकारत, आतोबा गावं तोलत. गावाच्या आकाराप्रमाणे त्यांचा आवाज लहानमोठा होई. 'मुंबई' म्हणताना फलाटावरची कुत्री उठून उभी राहत, 'पनवेल' भरदार निघे, 'अलिबाग'ला बेताचीच भरती येई, आणि वाटेवरची लहान गावं ते अशी पुटपुटत की शेजारच्या कारकुनाला वाटावं, साहेब जप करताहेत. परिणामी नांदगावकरांची गाडी वारंवार चुके. शेवटी तिथली चार जाणती मंडळी टोप्या सावरत खिडकीशी आली. "साहेब, आमचा गाव काय आजारी हाय? त्याचं नाव येवढं दबकून का घेता?" आतोबांनी त्यांना चहा पाजला आणि समजावलं, "अहो, हळू घेतो ते मायेनं. आपल्या माणसाच्या कानाशी कुणी ओरडतं का?" मंडळी खूश होऊन बाहेर पडली, आणि या बोलण्यात त्यांची परतीची गाडीही गेली.

मुरूडला नगरपरिषद आहे तेव्हा ते शहरच, असं कुणी म्हणालं की आतोबांच्या नाकपुड्या फुलत. "पाटी लावली की शहर होतं? मग मी उद्या दारावर 'महाराज' लिहितो. मुजरा कराल?" लोकसंख्या, इमारती, सिनेमाघर ही सगळी मापं त्यांनी केव्हाच मोडीत काढली होती. त्यांचं माप एकच. जिथे धडधाकट, शहाणा माणूस भर दिवसा हरवू शकतो ते शहर. बाकी सगळी गावं. आणि हे माप ते स्वतःच्या अंगाला लावून पाहत. रजा टाकून, इस्त्रीचा सदरा घालून, डब्यात घावन बांधून माणूस हरवायला निघालेला मी लहानपणी या डोळ्यांनी पाहिला आहे. अलिबागला ते कितीदा तरी गेले आणि दर वेळी अलिबाग नापास झालं. मुद्दाम उलटसुलट बोळांत शिरावं, तर कोपऱ्यावर कुणीतरी उभंच. "काय कंट्रोलर, इकडे कुठे? स्टँड त्या अंगाला." एका सज्जनानं तर त्यांचं काही न ऐकता स्कूटरवर बसवून स्टँडवर आणून सोडलं. "छे! अलिबागला अजून वेळ आहे," चपला भिरकावत आतोबा म्हणाले. फेरीबोटीनं दिघीला गेले, ते चहा पिऊन त्याच बोटीनं परत. मांडव्याहून मुंबईला गेले तर बोटीतून उतरताक्षणी हरवले, पण त्याचा त्यांना काडीचा आनंद झाला नाही. "त्यात कसब काय? तिथली कबुतरंसुद्धा हरवलेली आहेत."

पण पनवेल! ज्या दिवशी ते पनवेलला तळ्यामागच्या वस्तीत शिरले आणि खरोखरच हरवले, सगळी दुपार फिरूनही एक ओळखीचा चेहरा दिसला नाही, त्या संध्याकाळी ते पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आले. "हरवलो!" दारातूनच गर्जना. "पनवेल शहर झालं!" आत्या भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मग परत कशाला आलात?" आम्ही पोरं हसून लोळलो. आतोबांनी पहिला पेढा तिच्याच तोंडात कोंबला, म्हणजे पुढचं काही ऐकावं लागू नये.

ती आत्या आता विसरते. आधी चष्मा विसरली, मग आमटीतलं मीठ, मग आम्हाला. दुपारची झोप झाली की केसांवरून हात फिरवते आणि राजपुरीला माहेरी जायला निघते. माहेरचं घर कधीच पडलं. पण मुरूडनं तिला हरवू दिलं नाही. कधी शहाळीवाला तिला सायकलच्या कडेनं चालवत आणतो, कधी मासळीबाजारातली कोळीण हाताला धरून दारात उभी राहते. "ओ कंट्रोलर, ही घ्या तुमची मंडळी. माझ्यापाशी बसून कोलंबी सोलत व्हती. हात अजून लय चालतो हो तिचा!"

आतेभाऊ खारघरला उंच इमारतीत राहतो. तो कळवळून म्हणाला, "बाबा, आईला घेऊन इकडेच या. डॉक्टर खाली, औषधं खाली, सगळं हाताशी." जन्मभर शहरांच्या मागे लागलेला माणूस उडी मारून जाईल, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. गेलेही. मी तेव्हा तिथेच होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आतोबा दूध आणायला खाली उतरले आणि परत येताना एकसारख्या इमारतींच्या मधोमध उभे राहिले. आपण कुठल्या इमारतीतून उतरलो ते कळेना. ज्याला विचारावं तो अदबीनं म्हणे, "विंग कुठली, काका?" वर आले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. "हरवलो," ते म्हणाले, नांदगाव पुकारायचे त्या आवाजात. मग त्यांची नजर आत्याकडे गेली. ती दाराची कडी चाचपत होती.

त्यांनी पिशवी भरायला घेतली. मुलानं अडवलं, "अहो बाबा, मुरूडला चांगला डॉक्टर तरी आहे का?"

"इथे आहे रे डॉक्टर," आतोबा म्हणाले. "पण इथे तिला घरी कोण आणून सोडेल?"

पण मुरूडही कुणासाठी थांबलेलं नाही. शनिवार-रविवारी काशीदपासून गाड्यांची रांग लागते, नारळाच्या वाड्यांत लॉज उठलेत, नवनव्या इमारतींच्या फाटकांवर कुठकुठल्या मुलखांतले रखवालदार बसलेत. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आत्या निघाली आणि जेवणवेळ टळून गेली तरी तिला घेऊन कुणी आलं नाही. आम्ही सैरभैर होऊन शोधत सुटलो. सापडली ती समुद्रावर, पर्यटकांच्या दोन घोळक्यांच्या मधोमध. ह्यांना वाटलं, ती त्यांच्यातली आजी. त्यांना वाटलं, ह्यांच्यातली. कुणीतरी तिच्या हातात शहाळं दिलं होतं आणि ती मजेत बसली होती. आतोबा मात्र तिच्याशेजारी वाळूत बसले. "मुरूड शहर झालं रे," ते म्हणाले. ज्या बातमीसाठी हा माणूस सारी नोकरी वाट बघत राहिला, ती त्यानं अशी सांगितली की मला त्याच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवसापासून आतोबांनी मुरूड पुन्हा लहान करायला घेतलं. रोज सकाळी आत्याला धुतलेलं पातळ नेसवायचं, वेणीत फूल खोचायचं आणि हाताला धरून निघायचं. प्रत्येक लॉज, प्रत्येक नवी इमारत, प्रत्येक फाटक. तिथे थांबून तिची रीतसर ओळख करून द्यायची. रखवालदार बदलला की पुन्हा पहिल्यापासून. परवा मीही सोबत होतो. एका फाटकावर बिहारकडचा मिशीवाला गृहस्थ नुकताच कामाला लागला होता. आतोबांनी आपली ठेवणीतली हिंदी काढली. "भैया, ये हमारी मंडली है. भूलती है. दिखेगी तो बैठाने का, पानी देने का, और कंट्रोलर का घर पूछ के पोचाने का."

"जी चाचा," म्हणत त्यानं आत्याला हात जोडले.

आत्या हे सगळं, दुसऱ्याच कुणाबद्दल चाललं असावं तसं लक्ष देऊन ऐकत होती. मग पुढे झाली आणि आतोबांच्या बाहीला धरून म्हणाली, "आणि यांनाही नीट बघून ठेवा हो. कोण आहेत ते मला ठाऊक नाही, पण माणूस चांगला आहे. रोज माझ्याबरोबर असतात. कुठे हरवले तर माझ्याकडे आणून सोडा."

रखवालदाराला मराठी कळली नाही. त्यानं आतोबांकडे पाहिलं. आतोबांनी आत्याचा शब्द न् शब्द त्याला हिंदीत सांगितला.