रिकाम्या ओट्यावरचा वाटा

नातल मावशी मढच्या जेट्टीवर घसरून पडली, खुब्याचं हाड मोडून इस्पितळात गेली, आणि दुसऱ्याच सकाळी अंधेरीच्या मासळी बाजारात तिच्या ओट्याची कुजबुज सुरू झाली. दाराजवळचा, कोपऱ्यातला तो ओटा. आत शिरणाऱ्या गिऱ्हाइकाची पहिली नजर तिथेच पडायची. शेजारचा ओटा हेमांगीचा, पण तो खांबाआड. त्या खांबानं तिची अर्धी गिऱ्हाइकं गिळली होती.

बाजाराचा नियम कुठे लिहिलेला नव्हता, तरी सगळ्याजणींना पाठ होता. ज्या ओट्यावर मासळी नाही, तो ओटा कुणाचाच नाही.

"सरक तिकडे," तिसऱ्या दिवशी सोनूबाई म्हणाली. बाजारात सगळ्यांत जुनी तीच, त्यामुळे तिचं बोलणं सल्ला कमी आणि हुकूम जास्त असायचं. "मावशीची सत्तरी उलटली. आता कसली परत येते ती? तू नाय बसलीस तर उद्या चंपा बसंल."

हेमांगीनं आढेवेढे घेतले नाहीत. खांबाआडून त्या कोपऱ्याकडे बघत तिची इतकी वर्षं गेली होती. तिनं बर्फाचा खोका उचलला आणि नातल मावशीच्या ओट्यावर जाऊन बसली.

पहिलंच गिऱ्हाईक वसुधाताई, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. दुसरीकडे त्या माशाचे कल्ले उघडून बघत, पोट दाबत, वास घेत, मग नाक मुरडून पुढे जात. इथे मात्र त्यांनी पिशवीचं तोंड उघडून धरलं.

"मावशींचं ऑपरेशन झालं का गं?"

"झालं. बऱ्या आहेत."

"बरं झालं. सुरमई दे, जाड तुकडे कर," असं म्हणून त्या फोनमध्ये बघू लागल्या.

हेमांगीच्या हातातला कोयता थांबला. सुरमई कालची होती, बर्फातली. आपल्या ओट्यावर तिनं डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं असतं, "आत्ता होडीतून उतरलीय, ताई." ताईंनीही त्यावर मुळीच विश्वास ठेवला नसता, आणि मग दोघी मजेत भांडल्या असत्या. इथे कुणी विचारतच नव्हतं.

"ही कालची आहे," हेमांगी म्हणाली. "आजचे बोंबील आहेत."

"मग बोंबील दे," वसुधाताई म्हणाल्या. त्यांना जराही नवल वाटलं नाही. या ओट्यावर दुसरं काही ऐकायची त्यांना सवयच नव्हती. नातल मावशी कालची मासळी डावीकडे मांडायची, आजची उजवीकडे, आणि विचारायच्या आधी सांगायची. तिच्या गळ्यातला क्रूस पोलक्याच्या आत असायचा. बोहनीचे पैसे कपाळाला लावून ती छातीवर खूण करायची, तेवढाच तिचा धर्म बाजाराला दिसायचा.

हेमांगीला मात्र त्याहून जास्त दिसला होता, एकदाच.

तिची सासू, मथुराबाई, नातल मावशीच्या जन्माची वैरीण. नाताळात मावशी डबा भरून फुगे, पिठाचे तळलेले गोड गोळे, आणायची, आणि मथुराबाई आपल्या वाट्याचे फुगे तिच्यादेखत मांजरापुढे टाकायची. "मांजर खातंय ना," मावशी म्हणायची, "म्हणजे गोड झालेत." पुढे मथुराबाईला कावीळ झाली. हेमांगी बाळंतीण. ओट्यावर बसायला घरात कुणी नव्हतं. ओटा गेलाच, असं धरून हेमांगी बाजारात परतली, तर खांबाआड मांदेलीचा एक वाटा मांडलेला. मावशी रोज तो ओटा धुवायची, आपल्या टोपलीतला वाटा तिथे मांडायची, आधी तो विकायची, मग स्वतःची टोपली उघडायची.

"सासूनं तुला काय कमी बोल लावले?" हेमांगीनं विचारलं होतं.

"भांडायला शेजारीण नको?" मावशी हसली होती. मग खवले काढता काढता म्हणाली, "सकाळी प्रार्थनेला जाते, क्षमा मागून येते. मागून आल्यावर दुसरीच्या ओट्यावर पाय कसे पसरू गो?"

वसुधाताईंना बोंबील दिले, त्याच्या दुसऱ्या दिवशी हेमांगी पुन्हा खांबाआड जाऊन बसली. कोपऱ्यातला ओटा तिनं घासून धुतला आणि त्यावर कोळंबीचा एक वाटा मांडला.

"ख्रिस्ती झालीस काय गो?" सोनूबाई ओरडली.

"नाय. शेजारीण आहे."

"पदरात पडलेला ओटा सोडलास. अक्कल मांजराला घातलीस."

चंपानं टोपली जरा पुढे सरकवून पाहिली. "इथं वाटा आहे, चंपा," हेमांगी म्हणाली. रोज म्हणत राहिली. आधी तो वाटा विकायचा, मग आपला. खांबाआडून गिऱ्हाइकांना हाका मारून तिचा घसा बसायचा.

एका सकाळी मढहून वेसाव्याला येणारी फेरीबोट ओहोटीत अडकली. हेमांगी रिक्षातून उतरून जवळजवळ पळतच बाजारात आली. ओटा आज रिकामा राहिला असणार, आणि चंपा तिथे बसली असली तरी तिची चूक नव्हती. तिलाही पोट होतंच. ती दारात पोचली आणि थबकली. कोपऱ्यात बांगड्यांचा वाटा मांडलेला होता. सोनूबाई मान खाली घालून खवले काढत होती.

"बघत काय उभी राहिलीस?" ती वर न बघताच म्हणाली. "माशा बसतायत त्यावर. वारा घाल."

त्यानंतर वाटा कोण मांडणार हे कुणी ठरवलं नाही. एकदा तर चंपानंच मांडला, आणि दिवसभर कुणाशी धड बोलली नाही.

पाऊस संपता संपता नातल मावशी वॉकर टेकत, लेकाच्या आधारानं आली. ती ओट्याशी उभी राहिली. ओटा धुतलेला होता, त्यावर बांगडे होते. तिनं खांबाकडे पाहिलं. हेमांगीनं मुद्दाम कोयत्याला धार लावायला घेतली.

मावशीनं पदरानं डोळे टिपले, कण्हत बसली, आणि एका बांगड्याचा कल्ला उघडून पाहिला.

"कालचे आहेत गो," ती म्हणाली, आणि सगळे बांगडे डावीकडे सरकवले.

"आली," सोनूबाई कपाळाला हात लावत म्हणाली. "आली परत."