पोटाच्या गोळ्यांची सत्यप्रत

निवृत्त माणसांच्या गप्पा वर्षागणिक खाली सरकत जातात. पहिल्या वर्षी आम्ही केसांवर बोलायचो, मग छातीवर आलो, आणि आता पाच वर्षं पोटाशी मुक्काम आहे. मंगळवार पेठेतल्या चहाच्या गाड्यावर आम्ही चौघं रोज सकाळी जमतो. आवक-जावकचे घाटगे, टायपिस्ट माने, जीपचे ड्रायव्हर चौगुले आणि मी हेडक्लार्क, सगळे एकाच सरकारी ऑफिसातले. किस्से कोणी ठरवून साठवत नाही. गोळ्यांच्या अर्धवट पट्ट्या टाकवत नाहीत म्हणून साठतात, तसे हे साठले.

पट्ट्या साठवायची सवय मूळची माझी. ऑफिसात माझ्या टेबलाचा खालचा ड्रॉवर म्हणजे दवाखानाच होता. कंबर धरली, डोकं उठलं, जळजळ झाली की माणसं यायची. "भाऊसाहेब, काहीतरी द्या." रोग कोणता आणि डोस किती, हे मीच ठरवायचो. फायलीवर निर्णय घ्यायचा अधिकार कधी मिळाला नाही. ती हौस मी तिथं भागवून घेतली.

क्लच दाबून दाबून चौगुल्यांचा गुडघा गेला, तेव्हा दुखायचं थांबवणारी पहिली गोळी याच ड्रॉवरातून गेली.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "भाऊसाहेब, डॉक्टर व्हायचं सोडून इथं कुठं अडकलासा?"

मला फार बरं वाटलं होतं.

*

घाटगे ॲसिडिटीची गोळी मटण खाऊन झाल्यावर घेत, वर तांबडा रस्सा पिऊन. डॉक्टरांनी त्यांना बजावलं, की सकाळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्या.

"जळजळ व्हायच्या आधीच? आग न्हाय लागली तर बंब कशाला बोलवायचा?"

डॉक्टर शांत माणूस. म्हणाले, "ही गोळी आग विझवत नाही, ॲसिडचा नळ बंद करते. नळ सुरू व्हायच्या आत ती पोटात पाहिजे."

"मग आमच्या गल्लीत गोळीची गरज न्हाय," घाटगे म्हणाले, "नळ बंदच असतोय."

*

माने वीस वर्षं आपला अल्सर साहेबांच्या नावावर सांगत आले. साहेब ओरडले की ते पोट धरत. त्या पोटावर त्यांनी दोन बदल्या रद्द करून घेतल्या. गेल्या वर्षी पोटात दुर्बीण घातली तेव्हा डॉक्टर म्हणाले, हा एका जंतूचा उद्योग आहे. दोन प्रकारची अँटिबायोटिक आणि सोबत ॲसिडची गोळी, चौदा दिवसांत जंतू मरेल, मग जखम भरेल.

माने चहा न पिता बसून राहिले. "म्हणजे साहेबांना वीस वर्षं उगाच शिव्या दिल्या?"

"उगाच न्हाय," चौगुले म्हणाले. "त्या दुसऱ्या कशाततरी वळत्या करून घ्या की."

हसलो सगळे. साहेब मात्र त्याच्या आदल्या वर्षीच वारले होते. आजारपणात माने त्यांना भेटायलाही गेले नव्हते.

*

मग माझा नंबर लागला, तोच जंतू माझ्याही पोटात निघाला. मला चार औषधं होती. डॉक्टरांनी सांगितलं, "यातल्या एका गोळीनं शौचाला काळं होईल. घाबरू नका." झालंही तसंच. मी ही माहिती गाड्यावर अशी सांगितली, की जणू शोध माझाच.

चौगुल्यांचंही पोट जळत होतं. निवृत्तीनंतर ते शिरोली एमआयडीसीत कामगारांची बस चालवत आणि गुडघ्यासाठी तीच जुनी गोळी दिवसातून दोनदा घेत. "डॉक्टरकडं कशाला? तुमचं काय आन माझं काय, पोट एकच," म्हणत त्यांनी माझ्या चिठ्ठीची झेरॉक्स काढून आणली. घाटग्यांना चेष्टा सुचली. माझ्या पिशवीत अजून 'सत्यप्रत'चा शिक्का असतो. मी तो मारला, खाली सहीही केली. गाडेवाल्यासकट सगळे हसले.

आठवड्यानं चौगुले बाजूला घेऊन म्हणाले, "दोन दिस डांबरागत काळं हुतंय. चक्कर बी येती."

"गोळीचा रंग आहे तो," मी म्हटलं. "मलाही झालं होतं. चालू ठेवा."

छत्तीस वर्षांत सोबतचे कागद बघितल्याशिवाय मी एक अर्ज पुढं सरकवला नव्हता. कोणकोणत्या गोळ्या घेताय, एवढं विचारायचं होतं. नंतर कळलं, ती काळं करणारी गोळी त्यांना दुकानात मिळालीच नव्हती. चौगुले उरलेल्या तीनच घेत होते.

*

दुसऱ्या दिवशी बस सुरू करायच्या आधीच ते स्टेअरिंगवर कलंडले. कामगारांनी उचलून दवाखान्यात नेलं. रक्ताच्या चार बाटल्या लागल्या. दुर्बिणीतून रक्त थांबवलं, ॲसिडचं औषध शिरेतून दिलं.

डॉक्टर आम्हाला म्हणाले, "दुखण्याच्या गोळीनं पोटाचं अस्तर गेलं. पोटातलं रक्त असं काळं होऊन बाहेर येतं. काळं बघून हे गप्प बसलेच कसे? कोणी सांगितलं यांना चालेल म्हणून?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होतो.

"कोण सांगतंय," चौगुले पडल्या पडल्या म्हणाले. "मीच येडा."

घरी येऊन मी निवृत्त होताना ड्रॉवरातून आणलेला सगळा साठा कचऱ्यात टाकला. उशीर झाला होता, पण टाकला.

*

घरी सोडताना डॉक्टरांनी चौगुल्यांना दोन गोष्टी सांगितल्या. गुडघ्याची ती गोळी पुन्हा नाही, आणि रोज सकाळी रंग बघायचा. त्या दिवसापासून बरोबर सातला माझा फोन वाजतो.

"भाऊसाहेब, पिवळं."

एवढंच, आणि फोन बंद. मी 'बरं' म्हणतो आणि मग मला चहा गोड लागतो. तीन महिन्यांत एक दिवस चुकला नाही.

परवा मंडईत चौगुल्यांच्या मिसेस भेटल्या. मी म्हटलं, "वहिनी, शिस्तीचा माणूस हो. सातला म्हणजे सातला बघतात."

"सातला?" त्या म्हणाल्या. "जखम भरली, आता बघू नका म्हणून डॉक्टरांनी कवाच सांगितलंय. आन सातला हे हातरुणातच असत्यात, भाऊजी. तुम्हास्नी फोन लावत्यात आन परत झोपत्यात. संडासला आठशिवाय जात न्हाईत."

दुसऱ्या दिवशी सातला फोन वाजला.

"भाऊसाहेब, पिवळं."

"बरं," मी म्हटलं.